पितळेचा आवाज

माझा थोरला भाऊ शाळेत खेळाचा शिक्षक होता. संध्याकाळी घरी येताना गारखेड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो गाडी हळू करायचा आणि गळ्यातली शिट्टी एकदा वाजवायचा. ती ऐकली की आई चहा टाकायची. एके दिवशी मैदानावरच त्याचं हृदय बंद पडलं. दवाखान्याच्या धावपळीत शिट्टी कुठं गेली, कुणाला कळलंच नाही.

मी चितेगावच्या एका कारखान्यात फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हातानं शिट्ट्या बनवायचा मला नाद आहे. भावाच्या वर्षश्राद्धानंतर वहिनी वर आल्या.

"भावजी, त्यांच्यासारखी एक करून द्याल का? आवाज तसाच पाहिजे."

"कशाला, वहिनी?"

"घर लई गप झालंय."

आधी हाताशी होता तो ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. वाकवायला सोपा, पण आवाज कोरडा, रिकामा डबा वाजवल्यासारखा. मग स्टील. शिट्टीत खरं तर हवाच वाजते. ती जिथं आपटते ती कड नीट राखणं, एवढंच धातूचं काम. स्टीलची कड इतकी तीक्ष्ण निघाली की आवाज कानात घुसायचा. तांबं उलट मऊ, कड कानशीखाली दबायची, आवाज घोगरा यायचा आणि जिभेवर कळकट चव राहायची.

भावाची शिट्टी पितळेची होती, ओठांपाशी मुलामा उडालेली. हे मला पक्कं माहीत होतं. तरी पितळेला मी हात लावत नव्हतो. तो आवाज खरंच निघाला तर काय, याची भीती वाटत होती.

शेवटी शहागंजातून एक जुनं, झिजलेलं पितळी ताट आणलं. बाजारातला नवा पत्रा जाड होता. ताट कापलं, वाकवलं, सांध्याला कथलाचा डाग दिला. भावाच्या शिट्टीतली बुचाची गोळी एका बाजूनं तुटलेली असायची, म्हणून तिचा आवाज मध्येच अडखळायचा. मीही गोळीची एक बाजू तासली.

ऊन कलल्यावर वाजवून पाहिली. तोच आवाज. तसाच अडखळला.

खाली भांडं वाजलं. मी जिना उतरलो. आईला बरंच काही आठवेनासं झालं होतं, कित्येक महिने ती स्वयंपाकघरात फिरकली नव्हती. ती शेगडीपाशी उभी होती.

"त्यो आला," ती म्हणाली. "च्या टाकते."

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागं, दाराकडं पाहत राहिली. "गाडी लावतोय व्हय?"

ती कप घेऊन फाटकापाशी गेली. अंधार पडला, चहावर साय धरली, तेव्हा वहिनींनी तिला हाताला धरून आत आणलं.

मी वर जाऊन पत्रा कापायची कात्री उचलली. मागून येऊन वहिनींनी शिट्टी माझ्या हातातून घेतली.

"राहू द्या. आज त्या आपणहून उठल्या."

त्यानंतर वहिनीच कधीमधी गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन शिट्टी वाजवायच्या. मला त्यांनी तसं सांगितलंही. आई उठायची, चहा करायची, वहिनींशी बोलत प्यायची आणि बोलता बोलता वाट पाहायचं विसरून जायची. मला ते बरं वाटायचं आणि नकोही वाटायचं. घरी येताना मी कोपरा आला की कान झाकल्यासारखा भरभर चालायचो.

पावसाळ्यात शिट्टीचा सांधा उकलला. नीट झाळायला म्हणून मी ती कारखान्यात नेली. संध्याकाळी परतलो तर आई प्रसन्न होती.

"आज लवकर आलता त्यो."

वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"भावजी, शिट्टी तुमच्यापाशीच आहे ना?"

मी खिशातून काढून ओट्यावर ठेवली. वहिनींनी तिला हात लावला नाही.

"मग मला कुठली ऐकू आली?"

आईनं आमच्यापुढं कप सरकवले. आम्ही दोघंही चहा प्यायलो.

शिट्टी आता देवघराच्या खालच्या खणात आहे, कुणी वाजवत नाही. आई मात्र अजूनही कधी कधी एकाएकी उठते आणि शेगडी पेटवते. तिला काय ऐकू आलं, ते आम्ही विचारत नाही.