वाल्मिकचा चष्मा सुटला नाही

सुरतेत लिंबायतच्या मागांच्या कारखान्यात वाल्मिकला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी तो ढापण्या. तुटलेला धागा जोडायला वाकला की जाड चष्मा घामाने घसरायचा, पुसला की पुन्हा तंतूंनी भरायचा. त्यात अमळनेरच्या एका मुलीकडच्यांनी चष्मा बघूनच नकार कळवला. झालं, ऑपरेशन करून चष्मा घालवायचाच, हे त्याच्या डोक्याने घेतलं. १९९३ साली सुरतेत त्या ऑपरेशनचा भलताच बोलबाला होता. बुबुळावर बारीक चिरा मारल्या की नंबर पळाला म्हणे!

माग चालवणाऱ्यांना डॉक्टर परत पाठवतात, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. म्हणून गडी नवा शर्ट घालून गेला आणि कापडाच्या दुकानात बसतो, असं ठोकून दिलं. डॉक्टरीणबाई बडोद्याच्या मराठी. त्यांनी हसू दाबलं, कारण त्या शांत खोलीत वाल्मिक बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि त्यांचं बोलणं कानांनी नव्हे, त्यांच्या ओठांकडे बघून समजून घेत होता. मागांच्या खडखडाटात दिवस काढणारी माणसं अशीच बोलतात.

"माग चालवता ना?" बाईंनी विचारलं.

वाल्मिकने मान खाली घातली.

"धोटा उडतो का कधी?" आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या टोकदार लाकडी धोट्याबद्दल त्या विचारत होत्या.

"उडतो की. दिवाळीत शेजारच्या मागावरच्या सुकदेवचा दात पाडला."

"मग तुमचं ऑपरेशन मी करणार नाही. रफू केलेलं कापड ओढलं तर कुठून फाटतं?"

"रफूपाशी."

"बुबुळाचं तसंच. चिरा भरून येतात, पण पहिली ताकद परत येत नाही. दुकानात बसणाऱ्याचं निभून जाईल. तुम्हाला धोटा लागला तर त्याच चिरांवर डोळा उकलेल. चष्म्याला प्लास्टिकच्या काचा बसवा आणि तो घालूनच काम करा."

वाल्मिक तणतणत घरी आला. गरिबाचं भलं झालेलं या बाईला बघवत नाही, असं त्याने आईला, सरलाबाईंना ऐकवलं. काचा मात्र बसवून घेतल्या. रागावला होता, वेडा नव्हता.

पावसाळा सरता सरता त्याच्याच मागाचा धोटा सुटला आणि थेट डाव्या डोळ्यावर बसला. चष्म्याचे दोन तुकडे झाले, भुवई फुटली, डोळा सुजून मिटला. रिक्षात सरलाबाई पोराच्या डोळ्यासाठी सप्तशृंगीला एकच विनवत होत्या, "मन्हा पोऱ्याना डोया वाचाड वं माय!"

डॉक्टरीणबाईंनी पापणी उघडून यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"बुबुळ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "अखंड होतं, म्हणून मार सोसला." मग त्याचा उजवा डोळा झाकून त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

समोर पांढरा कोट, वर चेहऱ्याचा नुसता पुसट गोळा. लहानपणापासून ज्या धूसरपणाला त्याने शिव्या घातल्या, तोच.

"धूसर दिसतंय बाई," तो म्हणाला, "रोजच्यासारखंच धूसर!" आणि त्यांचे दोन्ही हात धरून तो ढसाढसा रडला. "तुमचे उपकार आहेत. तुम्ही नाही म्हणालात."