तिसऱ्या गाण्यात वाजणारी कडी

"थांबा. आता येईल," असं म्हणून भाऊ उजव्या हाताचं एक बोट वर करायचे.

टेपरेकॉर्डरवर तिसरं गाणं चालू असायचं. ड्रम थांबायचे, गिटार अगदी हळू व्हायची, आणि मग ती वाजायची. दाराची कडी. दोनदा लागोपाठ, जरा थांबून आणखी एकदा. भाऊंचं बोट खाली यायचं. समोर कोणीही असो, ते विचारायचे, "ही गाण्यातलीच ना?"

"गाण्यातलीच, भाऊ," आम्ही म्हणायचो. मग ते खुशीत चहा सांगायचे.

कोणता विलायती बँड, ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही त्या चौघांबद्दल बोलायला लागाल आणि आमचा माणूस बाजूला राहील. एवढंच सांगतो, की मी धुळ्याला एका सरकारी ऑफिसात चिकटलो तेव्हा भाऊ तिथे हेडक्लार्क होते. डोक्याला खोबरेल तेल, खिशाला दोन पेनं, डब्यात कळण्याची भाकरी. असा माणूस मधल्या सुट्टीत टेबलाच्या खणातून टेपरेकॉर्डर काढून इंग्रजी आरडाओरडा ऐकतो, हे पाहून मी पहिल्या दिवशी चाटच पडलो. पुढे कळलं, की त्यांना त्यातला एक शब्द समजत नाही. गिटार आणि सतार यांतला फरकही त्यांना मीच सांगितला, आणि तो त्यांनी लक्षात ठेवला असेल असं मला वाटत नाही.

पण धुळ्यात त्या बँडचे जेवढे म्हणून वेडे होते, त्या सगळ्यांचं मूळ भाऊंची कॅसेट. आग्रा रोडवरच्या दिलीपने ती आपल्या दुकानात कॉपी केली, मग कॉपीवरून कॉपी. कडी घरोघर पोचली. आमचा सुरेश लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. त्याला ती कडी इतकी आवडली, की हिंदी गाण्यातसुद्धा मध्येच थांबून तो लोखंडी पाइपवर पाना मारायचा. दोनदा, आणि जरा थांबून एकदा. एका लग्नात नवऱ्याचे मामा स्टेजवर चढून विचारायला आले, की तुमचं काही तुटलंय का. "तुम्हाला नाही कळायचं, मामा," सुरेश म्हणाला. आम्हाला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग नव्वदच्या पुढे त्या बँडची जुनी गाणी कंपनीने पुन्हा काढली. नवं मिक्सिंग, आवाज धुऊनपुसून स्वच्छ. दिलीपने मुंबईहून ती कॅसेट मागवली आणि आम्ही दुकानात जमलो. भाऊही आले. तिसरं गाणं लागलं, ड्रम थांबले, भाऊंचं बोट वर गेलं. गिटार हळू झाली आणि तशीच पुढे निघून गेली.

कडी वाजलीच नाही.

त्यानंतर दिलीपच्या दुकानात जे सुरू झालं त्याला वाद म्हणणंही कमीच. "साफसफाईच्या नावाखाली गाण्याची वाट लावली यांनी," सुरेशचं म्हणणं. दिलीप त्याला समजावायचा, "अरे, मूळ टेपवरून प्रत्येक वाद्य वेगळं केलं आणि पुन्हा नीट बसवलं. याला रिमिक्स म्हणतात."

"मग कडी कुठं गेली? वेगळी केली आणि घरी घेऊन गेले का?"

"कडी नव्हतीच मुळात. भाऊंच्या रेकॉर्डिंगमध्ये बाहेरून आली असेल."

मी कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. आम्हाला मजा होती. भाऊंना नव्हती. एरवी कोणत्याही भांडणात न पडणारा हा माणूस ऑफिस सुटलं की दुकानात येऊन स्टुलावर बसायचा आणि दर थोड्या वेळाने म्हणायचा, "काढली असेल. कंपनीवाले काहीही काढतात." त्यांचं जेवण कमी झालं होतं. फायलींवर चुकीचे शेरे पडायला लागले होते.

एकदा एसटी स्टँडकडे चालताना मी त्यांची चेष्टा केली. म्हटलं, "भाऊ, गाणं तुम्हाला कळत नाही, मग कडीचं एवढं काय घेऊन बसलात?"

ते चालायचे थांबले. म्हणाले, "गाणं माझं नाही रे. माझ्या भावाचं."

त्यांचा धाकटा भाऊ भुसावळला आयटीआयला होता. तिथे एका रेल्वे गार्डच्या मुलाशी दोस्ती झाली आणि त्या घरात ही रेकॉर्ड ऐकून पोरगं वेडं झालं. शिंदखेड्याला घरी आला तरी तोंडात तेच. आबांनी, म्हणजे वडिलांनी, एक दिवस कानाखाली वाजवली आणि म्हणाले, हे भुंकणं माझ्या घरात नको. तो नेसत्या कपड्यांनिशी गेला. पत्र नाही, निरोप नाही.

"दोन वर्षांनी दिवाळी आली तेव्हा मनात आलं, तो आला तर घरात त्याचं गाणं असू दे," भाऊ सांगत होते. "गार्डसाहेबांकडून रेकॉर्ड आणि प्लेअर एका दिवसासाठी मागून आणला. आबा शेतात होते. गल्लीतला आवाज नको म्हणून दाराला आतून कडी घातली, टेपरेकॉर्डर प्लेअरसमोर ठेवला आणि बटण दाबून बसून राहिलो. तिसऱ्या गाण्यात कडी वाजली. दारही प्लेअरच्याच बाजूला होतं. मला वाटलं, गाण्यातच आहे. यांच्या गाण्यात काय काय वाजतं, मला काय माहीत? उठलो असतो तर रेकॉर्डिंगमध्ये खुर्चीचा आवाज आला असता. नाही उठलो."

पुढच्या खेपेला ते गावी गेले तेव्हा समोरच्या अक्का त्यांना म्हणाल्या, "त्या दिनले दार काब उघाडं नही रे? कोनी तरी उभा व्हता. कडी वाजाडी नि निंघी गया. माले वाटनं तुना भाऊच शे."

अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दारातली म्हैसही माणूस वाटायची, असं भाऊ म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. पण रेकॉर्ड तोवर परत गेली होती आणि गार्डसाहेबांची बदली होऊन ते कुठे दूर गेले होते. ताडून बघायला काही उरलं नव्हतं.

"कडी गाण्यातली असेल तर दारात कोणी आलं नाही," ते म्हणाले. "आणि गाण्यातली नसेल, तर तो आला होता. आत त्याचंच गाणं चालू, आणि दार बंद. काय वाटलं असेल रे त्याला?"

मला त्या माणसाची इतकी कणव आली, की मी उगाच त्यांची पिशवी हातात घेतली आणि त्यांच्या एसटीपर्यंत नुसता चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी दिलीपला गाठून म्हटलं, हा वाद बंद कर. पण तोवर त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून त्या बँडची अगदी पहिली रेकॉर्ड मिळवली होती, रिमिक्सच्या कितीतरी आधीची. भाऊंना त्याने सांगूनही टाकलं होतं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी भाऊंना म्हटलं, "नका येऊ." ते म्हणाले, "येतो. आता एकदा काय ते होऊन जाऊ दे."

रविवारी दुपारी दिलीपच्या घरी बसलो. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मुलगी बघायला आल्यासारखे अवघडून बसले. उन्हामुळे दिलीपच्या आईने बाहेरचं दार लावून घेतलं होतं. सुई टेकली. पहिलं गाणं, दुसरं. तिसऱ्यात ड्रम थांबले. भाऊंनी बोट वर केलं.

नुसती गिटार. तिच्यामागे काही नाही.

बोट तसंच वर होतं. मग ते उठले. खुर्ची फरशीवर करकरली. ते दारापाशी गेले, कडी काढली आणि दार उघडलं. बाहेर दिलीपची स्कूटर उन्हात उभी होती. भाऊंनी गल्लीत उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. गाणं संपलं तरी ते उंबऱ्यातच उभे होते. दिलीपने सुई उचलली. तो वाद जिंकला होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सुरेश म्हणाला, "भाऊ, ह्याच्याही आधीची एखादी असेल."

"असेल," भाऊ पाठमोरेच म्हणाले.

त्या दिवसापासून दुकानात त्या बँडचा विषय निघाला नाही. सुरेशने लोखंडी पाइप टाकून दिला. भाऊ निवृत्त झाले आणि शिंदखेड्याला त्याच घरात एकटे राहायला गेले. दोन-तीन वर्षांत ते गेले, आणि बातमी आम्हाला उशिराच कळली. आम्ही तिघे गेलो.

घर भाऊंच्या पुतण्याने, चुलतभावाच्या मुलाने, सांभाळायला घेतलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या बाजूची कडी भाऊंनी कधीच काढून टाकली होती, चौकटीत खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. बाहेरची कडी मात्र जागेवर होती, तेल पाजलेली. मी सवयीने ती वाजवायला हात घातला.

समोरच्या ओट्यावरून एक बाई ओरडली, "कडी नका वाजाडू. भाऊंनी सांगेल शे."

अक्कांची ती सून. तिने सांगितलं, की गावी राहायला आल्यावर भाऊंनी गल्लीतल्या सगळ्यांना बजावलं होतं, दूधवाल्याला, पोस्टमनला, पोरासोरांना. दार उघडंच असतं, ढकला आणि या, पण ती कडी कोणी वाजवायची नाही. ती वाजली तर कोण आलंय ते आपल्याला बसल्या जागी कळलं पाहिजे. भाऊ गेल्यावरही गल्लीत कोणी तिला हात लावत नव्हतं.

मी हात मागे घेतला. सुरेशने दार हळूच लोटलं आणि आम्ही आत गेलो.