वहाणा लपव

माझे बाबा मिशनचे उपदेशक होते. म्हणजे गावोगाव पायी हिंडून शुभवर्तमान सांगायचं आणि महिन्यातले वीस दिवस घरी नसायचं. उरलेल्या दहा दिवसांत ते टाचांच्या भेगांना तेल चोळत बसलेले असायचे. लोक मला विचारतात, बाई, तुमच्या घरात लहानपणापासून भक्तीचं वातावरण असेल नाही? होतं की! वातावरण भरपूर होतं, बाप तेवढा नव्हता. हे मी आता म्हातारपणी बोलते. तेव्हा बोलले असते तर आईनं थोबाडीत दिली असती.

सोलापुरात मिशनच्या आवारामागं एका ओळीत पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटून दुसरी आमची. मी नऊ वर्षांची होते, धाकटी पाचाची. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की बाबा उठायचे, प्रार्थना करायचे, पिशवीत पुस्तकं भरायचे, आणि निघायच्या वेळेला त्यांच्या वहाणा सापडायच्या नाहीत. धाकटीनं लपवलेल्या असायच्या. कधी चुलीमागं, कधी रांजणाच्या आड. एकदा तर पिठाच्या डब्यात. त्या दिवशी आईनं तिला चांगली बडवली, पण पीठ काही टाकलं नाही, चाळून घेतलं. बाबा हसत हसत शोधायचे आणि सापडल्या की जायचे. आता या खेपेला सापडणार नाहीत, असं त्या पोरीला दर वेळी वाटायचं.

त्या उन्हाळ्यात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशीही उतरेना. नेमकी त्याच दिवशी मिशनच्या गोऱ्या साहेबांबरोबर सांगोल्याच्या बाजाराची फेरी ठरलेली. आई म्हणाली, "अहो, एक डाव राहू द्या की." बाबांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. मग म्हणाले, "मला पाचारण हाय. मी देवाचं बघतो, देव माझं बघंल." त्या दिवशी वहाणा दारातच होत्या. लपवायला उठण्याचं त्राण कुणाच्या अंगात होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नळावर पाणी आणायला गेली. मी धाकटीच्या उशाशी ओला फडका घेऊन बसले होते. तिनं डोळे उघडले. अगदी स्वच्छ बोलली. म्हणाली, "ताई, बाबा आले की त्यांच्या वहाणा लपव. लांब लपव." मी म्हटलं, "बरं." तिनं पुन्हा डोळे मिटले. मी फडका पिळून वळले, तर दारात आई भरली घागर कडेवर घेऊन उभी. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. तिनं घागर खाली ठेवली, धाकटीच्या छातीवर हात ठेवला आणि तिथंच बसली.

उन्हाळ्याचे दिवस, मढं ठेवता येईना. चर्चच्या पाळकांनी संध्याकाळीच माती दिली. बाबा आले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणीतरी त्यांना वाटेतच सांगितलं असावं. आले आणि उंबऱ्यातच बसले. ना रडले, ना बोलले, ना प्रार्थना केली. आम्ही पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. दिवस मावळला तरी ते उठेनात. पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नव्हत्या. शेजारपाजारचे आले, पाळक येऊन गेले. मला फार भीती वाटली. बाबा असे कधीच बसत नसत.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शेवटी काही बोलली का गं?"

इथं मला आमच्या रविवारच्या शाळेबद्दल सांगितलं पाहिजे. मडमबाई आम्हाला लहान लहान पुस्तकं वाचायला द्यायच्या. त्यांतली चांगली मुलं एकतर बक्षीस मिळवायची नाहीतर मरायची. मरताना पांढऱ्या स्वच्छ बिछान्यावर निजून एक सुंदर वाक्य बोलायची, आणि त्या वाक्यानं घरातला दारुड्या सुधारायचा, नास्तिक गुडघे टेकायचा. ती वाक्यं मला धडाधड पाठ होती. पाठांतराचं पहिलं बक्षीस माझं होतं, रंगीत चित्राचं तिकीट, पत्त्याएवढं. ख्रिस्ती लेकरू मरताना काहीतरी सुंदर बोलतंच, अशी माझी पक्की समजूत. आमच्या धाकटीनं वहाणांबद्दल बोलावं याची मला लाज वाटली. खरं सांगते, लाजच वाटली. आणि बाबा उठावेत असंही फार वाटत होतं.

मी हात जोडून उभी राहिले, शाळेत उभी राहायची तशी, आणि म्हणाले, "ती म्हणाली, बाबांना सांगा, माझ्यासाठी देवाचं काम थांबवू नका. मी पुढं जाते."

बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मग ते ओक्साबोक्शी रडले. रडून झाल्यावर उठले, वहाणा काढल्या, हातपाय धुतले, दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी फेरीवर गेले. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

झालं! माझ्या त्या एका वाक्यावर आमच्या घराची पुढची दहा वर्षं गेली.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, दर वर्षी मोठी सभा भरायची. खेड्यापाड्यांतून सगळे यायचे, आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उभं राहून सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. बाबांची साक्ष म्हणजे धाकटीचं मरण. दर वर्षी तीच. लोक वाट बघायचे. बाबा उभे राहिले की बायका आधीच पदर डोळ्यांपर्यंत आणून ठेवायच्या. आणि साक्ष वर्षागणिक वाढत गेली. एका वर्षी धाकटीच्या चेहऱ्यावर तेज आलं. दुसऱ्या वर्षी तिनं बोट वर करून आकाश दाखवलं. अहो, कसलं आकाश? आमच्या डोक्यावर तापलेला पत्रा, आणि बोट उचलायला तिच्यात जीव तरी होता का! बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांना ते दिसतच असणार. पण मी चटईवर मान खाली घालून बसलेली असायचे. आईसुद्धा कधी डोळ्याला पदर लावायची नाही. चटईची काडी उपसत बसायची. मला वाटायचं, ही किती कठोर बाई!

बाबांना मग सोलापूरबाहेरच नेमायला लागले, कारण जिथं कुणी जायला तयार नसे तिथं हे जायचे. आधी सांगोला. तिथं पाण्यासाठी आई बायकांमागं कळशी घेऊन ताटकळत उभी राहायची. विहिरीला आम्हाला हात लावू देत नसत, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. मग मोडनिंब, मग पार तिकडं मैंदर्गी. तिथं अर्धा गाव कानडी बोलायचा आणि आईला मिठाला काय म्हणतात तेही ठाऊक नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी बैलगाडी दाराशी यायची. सामान ते काय? दोन ट्रंका, भांडी आणि जातं. नवं घर आलं की बाबा जमीन उकरून जातं बसवायला लागायचे. मैंदर्गीला आई म्हणाली, "नगा रोवू. राहू द्या तसंच. परत उपटायचंच हाय की." जातं तसंच जमिनीवर राहिलं, दळताना सरकायचं, आणि आई एका पायानं ते दाबून धरून दळायची.

तिला सोलापुरात एक घर हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही तिनं जन्मात. मिशनच्या शाळेत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायला माणूस हवा होता, जागेबरोबर दोन पक्क्या खोल्या मिळणार होत्या, मागं परसू. साहेबांनी बाबांना विचारलं, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांनी नाही म्हटलं. आई फक्त म्हणाली, "का पण?" बाबा म्हणाले, "लेकरू सांगून गेलंय, थांबू नका म्हणून." मेलेल्या पोरीशी कोण भांडणार?

सोलापुरात मार्शल लॉ लागून उठला त्याच्या पुढच्या वर्षी ती जागा पुन्हा रिकामी झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मास्तरीण होण्याचं शिकत होते आणि सुट्टीत मैंदर्गीला आले होते. आई हिवतापानं चिपाड झाली होती. दोन घास केले की भिंतीला टेकून बसायची. साहेबांची चिठ्ठी आली. बाबांनी ती वाचली, घडी घातली आणि पिशवीत हात घातला. पुस्तकं भरायला लागले. आई घरात निजली होती. मी दारात होते.

"बाबा, उत्तर काय देणार?"

"तेच. मला थांबायचं न्हाय. धाकटी सांगून गेली..."

"ती तसं काही म्हणाली नव्हती!" मी म्हणाले. माझाच आवाज मला ऐकू आला. "मी पुस्तकातलं सांगितलं होतं. तुम्ही उठत नव्हता म्हणून. ती म्हणाली, बाबा आले की त्यांच्या वहाणा लपव."

बाबांचा हात पिशवीत तसाच राहिला. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वहाणा?" ते म्हणाले.

"लांब लपव म्हणाली."

"व्हय," ते म्हणाले. "लपवायची ती. रांजणामागं." ते हसलेसुद्धा. मग खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी एकेक पुस्तक पिशवीतून काढून फळीवर ठेवलं, साहेबांची चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडून दौत मागून घेतली.

त्या वर्षीच्या सभेला आम्ही सगळे होतो. बाबांचं नाव पुकारलं. बायकांनी पदर वर घेतले. पुरुषांच्या बाकांतून बाबा उभे राहिले, पुढच्या बाकाची पाठ धरली आणि म्हणाले, "यंदा माझ्यापाशी साक्ष न्हाय." आणि खाली बसले. पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. त्यानंतर बाबांनी मरेपर्यंत कधी साक्ष दिली नाही.

घर मिळालं. पक्क्या भिंती, परसात शेवगा, नळ दहा पावलांवर. जातं बाबांनी स्वतः चुन्यात बसवलं. ते आता कुणाला हलणार नव्हतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे! दहा वर्षांचा धोंडा मानेवरून उतरला, आईचं मनासारखं झालं. मी मोठ्या फुशारकीत होते तेव्हा.

एका सकाळी आई आणि मी समोरासमोर बसून दळत होतो, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. बाबा पुढच्या खोलीत होते. शाळेला जायला अजून वेळ होता. खिडकीपाशी खुर्ची घेऊन ते नुसते बसलेले असायचे. पुस्तक मांडीवर, पान उलटायचं नाही. प्रार्थनेची वेळ झाली की ओठ हलायचे, पण आवाज फुटत नसे. शाळेत मुलं त्यांच्या तासाला दंगा करायची म्हणे आणि ते काहीच बोलत नसत.

आई हात न थांबवता म्हणाली, "तू सांगाया नको व्हतं."

"काय?"

"वहाणांचं. मी दारातच व्हते की तवा, घागर घेऊन. मला ठावं व्हतं ती काय म्हणली."

माझा हात सुटला. जातं एकटं अर्धा फेरा फिरलं.

"ठाऊक होतं? दहा वर्षं? आणि तू सांगोल्यात, मोडनिंबात, त्या हिवतापात... आई, एक शब्द बोलली असतीस तर हे घर तेव्हाच मिळालं असतं!"

"ते उंबऱ्यात बसले व्हते. आठवतंय न्हवं? उठत न्हवते. तू ते बोललीस आन् माणूस उठला. मी म्हटलं, राहू दे." तिनं मूठभर ज्वारी जात्यात सोडली. "मला घर लई पायजे व्हतं. पर ते घरात असाया पायजेत की गं. तवा म्हैन्यातनं दहा दिस यायचे, पर यायचे. आता तीसच्या तीस दिस हितं हायेत, आन् अजून आले न्हाईत."

मला रडूही येईना. इतकी थकले होते मी, एकोणीस वर्षांची असून. मी पुन्हा खुंट्याला हात घातला आणि आम्ही दळण संपवलं.

मग मी दारात गेले. बाबांच्या वहाणा उंबऱ्याशी पडल्या होत्या, धूळ खात. मैंदर्गीहून आल्यापासून त्यांचे तळ झिजेनात. मी त्या उचलल्या, पदरानं पुसल्या, अंगठा ढिला झाला होता तो ओढून नीट केला, आणि तोंडं रस्त्याकडे करून ठेवल्या. मला वाटत होतं, त्यांनी म्हणावं, जरा मोडनिंबला जाऊन येतो. सांगोल्याला म्हणावं. कुठंही म्हणावं. मी पिशवीही खुंटीवरून काढून तिथं ठेवली.

गिरणीचा दुसरा भोंगा झाला. बाबा उठून आले. वहाणांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवी त्यांनी उचलून परत खुंटीला अडकवली, वहाणा पायात घातल्या आणि शाळेत गेले.