चौथ्या रांगेतला अनोळखी माणूस

मँचेस्टरला एम.एस्सी. करत होतो तेव्हा दोन उन्हाळे मी समुद्रकाठच्या एका गावात खोटा प्रेक्षक होतो. वर कॅसिनो, खाली छोटं थिएटर, आणि त्या थिएटरात एकाच कलाकाराचा दुपारचा शो वर्षानुवर्षं चाललेला. साठीचा तो गोरा गृहस्थ डोळ्यांवर पट्टी बांधून लोकांच्या मनातलं ओळखायचा. मी तिकीट काढून आल्यासारखा चौथ्या रांगेत बसायचो आणि त्यानं बोलावलं की हात वर करून स्टेजवर जायचो.

"तुझी आई तुला काय हाक मारते? तुझ्या भाषेतला शब्द मनात आण," तो म्हणायचा. मग कपाळाला बोटं लावून, अडखळत, "सो...न्या" म्हणायचा. तो शब्द मीच त्याला शिकवला होता. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी चकित झाल्यासारखं तोंड करायचो.

घरी पत्रात मी फक्त "थिएटरात काम मिळालंय" असं लिहिलं होतं. घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आमच्या सरांनी सायकलवरून तालुक्याला खेपा घातल्या होत्या. त्यांना आणखी काय लिहिणार?

दुसऱ्या उन्हाळ्यात एका शनिवारी मराठी मंडळाची सहल शोला आली. शो संपल्यावर एक वयस्क बाई विचारत विचारत स्टेजमागे पोचल्या.

"अरे, साहेबानं मराठी ओळखलं की रे! कुठला तू?"

"कराडकडचा, मावशी."

"मग माझं एक काम कर. मला इंग्रजी येत नाही."

त्या आणि त्यांचे यजमान मुलाकडे राहायला आले होते. मुलगा इथे डॉक्टर. यजमान इथेच वारले.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. मला गावी परत जायचं होतं, त्यांना नव्हतं. मी बोललेच नाही. चहासुद्धा सुनेच्या हाती पाठवला. दुपारी ते गेले. साहेबांना विचार, शेवटी त्यांच्या मनात माझ्यावर राग होता का?"

मी ते त्या कलाकाराला इंग्रजीत सांगितलं. तोंडावरचा रंग पुसता पुसता तो थांबला.

"मला हे येत नाही, असं सांग त्यांना," तो हळू आवाजात म्हणाला. "हा नुसता खेळ आहे. तू माझाच माणूस आहेस हे सांगावं लागलं तरी चालेल, पण सांग."

मी त्यांच्याकडे वळलो. त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. खेळ म्हटला की त्यात मीही आलो. आईची हाक विकून अर्ध्या तासापूर्वी मी यांना फसवलं, हे कळलं असतं.

"ते म्हणतात, काकांच्या मनात राग नव्हता."

त्या रडल्या. त्याला हात जोडले. मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "शिकलेला मुलगा आहेस, म्हणून नीट विचारलंस हो."

"हात का जोडले त्यांनी?" त्यानं विचारलं.

"आमच्यात निरोप असाच घेतात," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी शोच्या आधी मी बाहेर डोकावलो, तर तिकिटाच्या खिडकीपाशी त्या उभ्या होत्या. या वेळी सोबत मुलगा होता. त्या त्याला हातवारे करून काहीतरी समजावत होत्या, तो खाली मान घालून ऐकत होता. आता विचारणारा इंग्रजीतून विचारणार होता.

मी मागच्या दारानं निघालो आणि मिळेल त्या गाडीनं मँचेस्टरला परतलो. कामावर पुन्हा गेलो नाही. येत नाही, एवढा निरोपही त्या कलाकाराला दिला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यानं कोणाला बोलावलं असेल, आणि शोनंतर त्या मायलेकांना काय सांगितलं असेल, मला माहीत नाही.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत असे, की निदान तो एक आठवडा त्यांना शांत झोप लागली असेल. पण ते वाक्य मी त्यांच्यासाठी बोललोच नव्हतो.