राजधानीचे कंडक्टर

नगरला नुसतं 'जिल्ह्याचं गाव' म्हणणाऱ्या माणसाबरोबर माझे चुलतसासरे घोटभर चहासुद्धा पीत नाहीत. श्रीरामपूरच्या डेपोत ते जन्मभर कंडक्टर होते. गाडी नगरच्या स्टँडात शिरली की "राजधानी आली, उतरून घ्या" असं गंभीरपणे पुकारायचे. मग एखादी म्हातारी घाबरून "मला नगरलाच उतरायचंय बाबा" म्हणायची. बरं, त्यांचा अभिमान काही फक्त निजामशाहीच्या सुलतानांपुरता नाही. किल्ल्याच्या खंदकाकडे ज्या आदरानं पाहतात, त्याच आदरानं कापडबाजारातल्या गर्दीकडेही पाहतात. "नुसत्या थडग्यांची कसली राजधानी? मानसं हायेत, साड्या खपत्यात, म्हनून राजधानी." उड्डाणपूल झाला तेव्हा त्यांनी रिक्षा त्यावरून दोनदा न्यायला लावली आणि म्हणाले, "सुलतानालाबी बाजार असा वरून दिसला नसंल."

मी लग्न होऊन पुण्याहून श्रीरामपूरला आले तेव्हा माझ्या लेखी नगर म्हणजे बस दहा मिनिटं थांबते ती जागा. आठवडा झाला तरी मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. माहेरी निघून जायचं, हे मनात जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात हे चुलतसासरे, आमचे काका, सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला राजधानी दाखवून आनतो."

नगरजवळच्या डोंगरावरच्या चांदबीबी महालात आम्ही अंधारे जिने चढून वर गेलो. खाली सगळं नगर पसरलं होतं. ते पाहता पाहता मला रडू फुटलं. काकांनी माझ्याकडे पाठ केली आणि समोरच्या मोकळ्या माळाला, भरलेल्या गाडीत बोलावं तशा खणखणीत आवाजात, निजामशाहीचा इतिहास सांगू लागले. माझं रडणं लांबलं तसं त्यांनी एका सुलतानाचं राज्यही लांबवलं. मी डोळे पुसल्यावरच त्यांनी निजामशाही बुडवली. मग म्हणाले, "भूक लागली आसंल. चल, गावात जेवू." जेवताना मी पहिल्यांदा पोटभर बोलले. माहेरी जायचं राहिलं ते राहिलंच.

आता काकांचे गुडघे गेलेत. मागच्या महिन्यात मी मुलीला महाल दाखवायला नेलं, तर ते खाली गाडीतच बसून राहिले. आम्ही परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर गेलंय गं गाव?"

"एमआयडीसीच्याही पलीकडे, काका. नुसत्या इमारती."

"तिकडचं नवं मी कायच पाह्यलेलं न्हाई," ते म्हणाले. "जाताना त्या बाजूनं घेशील?"

मी त्या बाजूनं घेतली. ते काच खाली करून दुकानांची एकेक पाटी वाचत होते. मी गाडी जमेल तेवढी हळू चालवली.