आईचा हलका हात

वहिनीच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि माझ्या घरी मुक्कामाला माझी आई आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. का, ते सांगते.

आमच्याकडं आई लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. त्यामागचं कारण कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी कुणाला सांगता येत नाही. येते, जेवते, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवते आणि दिवस कलायच्या आत पिशवी उचलते. माझं माहेर इंदापूरच्या बाजूला, सासर बारामतीला लागून जळोचीत. म्हणजे एसटीनं फार लांब नाही, पण आईनं कधी रात्र काढली नाही. मला पित्ताचे खडे झाले, ऑपरेशन करून घरी आणलं, तेव्हाही ती सकाळच्या गाडीनं आली. डिंकाचे लाडू ठेवले, कॉटच्या कडेला टेकली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि चहा झाल्यावर उठली. म्हणाली, "पेरूची तोड चाललीय गं, दादा एकटा हाय." मी हसून हो म्हणाले. ती फाटकाबाहेर गेल्यावर भिंतीकडं तोंड करून रडले.

आणि आता वहिनीसाठी तीच आई दोन पिशव्या, आपली उशी आणि जपाची माळ घेऊन माझ्या दारात उतरली. पेरूची तोड आताही चालूच होती.

वहिनीचं ऑपरेशन म्हणजे पोट उतरवायचं ऑपरेशन. दोन सिझेरियननंतर तिचं पोट ओघळलं होतं, आतले स्नायू फाकले होते, कंबर दुखायची. हे सगळं खरं आहे. पण आरशासमोर उभं राहून ती साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा खोसायची, तेही मी पाहिलेलं आहे. पुण्याच्या सर्जननं जास्तीचं कातडं काढलं, स्नायू शिवले आणि सांगितलं, आता सूज उतरायला मालिश लागेल, पण साधी नाही. अंगात साचलेलं पाणी हळूहळू वाट काढून द्यायची मालिश. ती मालिश शिकलेली फिजिओथेरपिस्ट बारामतीत होती, इंदापूरला कुणी मिळालं नाही. म्हणून वहिनी माझ्याकडं. तिची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली, म्हणून करायला माझी आई. माझ्या सासूबाईंना सांगितलं हर्निया.

तिला आई नाही, याचं मला वाईट वाटतंच. पण म्हणून माझी द्यायची का? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. भाकरी थापताना मात्र रोज विचारला, आणि त्या आठवड्यात माझ्या भाकरी कडेला फाटत होत्या.

फिजिओथेरपिस्ट मॅडम पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आई तेलाची वाटी कोमट करून तयार होती. तिच्या हिशेबानं पोट कापलं म्हणजे बाळंतपण. बाळंतिणीला काय लागतं ते तिला पाठ: तेल, रगडणं, शेक, आणि वर पोट घट्ट बांधणं. आईचा हात जड आहे. लहानपणी ती मला न्हाऊ घालायची तेव्हा पाठीची सालटी निघतील असं वाटायचं, आणि ओरडलं की म्हणायची, "गप, हाडं मोकळी व्हतात." तो हात मला माहीत होता. मनात म्हटलं, आता वहिनीला कळेल.

पण मॅडमनी वाटी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मावशी, तेल नको आणि जोर तर अजिबात नको. पाणी कातडीच्या अगदी खाली साचलंय. दाबलं की त्याची वाट बंद होते. आपण नुसती कातडी सरकवायची." मग त्यांनी आधी गळ्यापाशी, मग काखेत बोटं फिरवली आणि वरून खाली नाही, तर पोटावरून वर काखेच्या दिशेनं हात नेला. इतका सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं, बाई काही करतच नाही. मी एक दिवसाआड येईन, म्हणाल्या, मधल्या दिवशी घरातल्या कुणीतरी एवढंच करा.

घरातली कुणीतरी म्हणजे मीही होते. मला कुणी विचारलं नाही.

आईनं शिकून घेतलं. दुपारभर ती स्वतःच्या दंडावर बोटं फिरवून बघत होती. मला हाक मारून म्हणाली, "बघ गं, एवढं चालंल का?" आणि माझ्या मनगटावर तिनं हात फिरवला. मला तिच्या हाताची घट्टे पडलेली कडा जेमतेम जाणवली. असा हात तिनं मला आयुष्यात लावला नव्हता. मी म्हणाले, "मला काय माहीत, मॅडमना विचार," आणि उठून गेले.

मग ते रोजचंच झालं. सकाळी मी डबे भरून शाळेत शिकवायला निघायची, तेव्हा आतल्या खोलीत वहिनी उताणी, गुडघ्यांखाली उशी, पोटाला बांधायचा पट्टा सोडलेला, आणि आई शेजारी मांडी घालून. वहिनी आमच्या आईला मम्मी म्हणते. आम्ही दोघं भावंडं आयुष्यभर आई म्हणत आलो, ही आली आणि मम्मी. "मम्मी, इथं जरा ओढतंय." "व्हय गं बाळा, थांब." बाळा. मला आई माझ्या नावानं हाक मारते, आणि चिडली की आडनावानं.

मी मुद्दाम भांडी आदळली. एकदा तर कुकरची शिट्टी होऊन गेली तरी गॅस तसाच ठेवला. कुणाचं लक्ष नव्हतं. मुलं तेवढी म्हणाली, "आई, भात लागलाय."

आणि पोटाचं म्हणाल, तर पोट मलाही आहे. दोन बाळंतपणं मीही केली. साडीत झाकतं म्हणून झाकलं. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून मी ते दोन्ही हातांनी वर उचलून बघितलं, आणि तेवढ्यात सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, "दुखतंय का?" मी म्हणाले, "नाही." त्या म्हणाल्या, "मग कशाला धरून उभी हायेस?"

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर खोलीतून आईचा आवाज. "आता लागतंय का?" वहिनी म्हणत होती, "नाही हो मम्मी, गारच आहे." मी दारात गेले. वहिनीच्या पोटावर शेकायची रबरी पिशवी. आईनं मॅडमचं ऐकून रगडणं सोडलं होतं, तेल सोडलं होतं. पण शेकावाचून मालिश म्हणजे तिला अर्धवट काम वाटत होतं. पिशवी ठेवली, वहिनीला गरम लागेना. मग आईनं तिच्यावरचं फडकं काढलं. तरी लागेना, म्हणून पातेल्यातलं आणखी कढत पाणी भरलं.

ऑपरेशननंतर पोटाची कातडी बरेच महिने बधिर असते. मॅडमनी ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण मला. आई तेव्हा तेलाची वाटी परत ठेवायला गेली होती. बधिर कातडीला भाजतंय हे कळतच नाही. मी पिशवी ओढली, तर माझाच तळहात पोळला. खाली वहिनीचं पोट लालभडक झालं होतं, आणि वहिनी शांतपणे विचारत होती, "काय झालं ताई?"

मी आईवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "तुला कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण करायला" हे बोलले, ते आठवतं. साध्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, मॅडमना फोन केला, त्यांनी फोटो मागवून पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. फोड आला नाही. थोडक्यात निभावलं, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ पिशवी राहिली असती, तर टाक्यांपर्यंत जखम गेली असती.

आई खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. म्हणाली, "आता मी हात लावायची न्हाय." आणि तिला रडू फुटलं. वहिनी धड सरळ बसू शकत नव्हती, तरी तिनं वाकल्या अंगानं हात पुढं केला आणि म्हणाली, "मम्मी, इकडं या. मला काही झालेलं नाही." आई गेली, आणि वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पिशवी मी ओढली. हात माझा पोळला. आणि रडायला खांदा तिचा. त्या क्षणी मला दोघींचाही इतका राग आला, की मी बाहेर येऊन ओट्यावर पडलेली सगळी मेथी निवडून काढली, देठासकट. हाताला टूथपेस्ट लाव म्हणून सासूबाई मागं लागल्या, त्यांनाही मी फटकारलं.

दुसऱ्या दिवशी आई खरंच हात लावेना. मॅडम आल्या, त्यांनी तिचा हात धरून वहिनीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात चांगला बसलाय. फक्त शेक नको." तेव्हा कुठं तिची बोटं हलली. मी दारातून बघत होते. त्यानंतर मी त्या वेळी खोलीकडं फिरकायचं सोडून दिलं. आईशी कामापुरतं बोलायची. मीठ कुठंय, दूध आलं का, एवढंच. ती काही विचारायला लागली, की मला वह्या तपासायच्या असायच्या.

वहिनी सरळ चालायला लागली. सूज बरीच उतरली. मॅडम म्हणाल्या, आता अधूनमधून आणलं तरी चालेल, बाकी घरी हलक्या हातानं चालू ठेवा. दादा गाडी घेऊन न्यायला आला. सामान डिकीत गेलं, त्यात आईची उशीही गेली. वहिनी पुढं बसली. सासूबाई ओसरीत बसून दादाशी हर्नियाबद्दल बोलत होत्या, आणि दादा जमिनीकडं बघून मान हलवत होता.

आई स्वयंपाकघरात माझा निरोप घ्यायला आली. मी कट्टा पुसत होते, तो आधीच पुसलेला होता. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "रहा की दोन दिवस."

"आता हितं काय काम हाय माझं? ती बरी झाली की."

मग मला राहवलं नाही. म्हणाले, "तिच्यासाठी राहिलीस. मला चिरलं होतं तेव्हा चहा पिऊन गेलीस. मी तुझी कोण आहे, ते सांग आणि जा."

आईनं दाराकडं बघितलं, ओसरीत आवाज जाऊ नये म्हणून. मग हळू बोलली. "दादा म्हणत हुता, पुण्यातच खोली घिऊ, तितं बाया मिळत्यात मालिशीला. मीच म्हणले, बारामतीला ताईकडं न्हिऊ. हर्निया म्हणून तुझ्या सासूला मीच सांगितलं. तुला चिरलं, तवा तुझ्या दारातनं माघारी गेले, एसटीत बसले, आन इंदापूर येईपत्तूर मला काय दिसत नव्हतं. लेकीकडं मुक्काम केला असता, तर तुझ्या सासूनं चार बायांत बोलून दाखवलं असतं, आन ऐकायला लागलं असतं तुला. सुनेचं करायला राहिलं तर कोण काय म्हणतंय? ते करायलाच लागतं." ती थांबली. "तिच्या नावानं तुझ्याजवळ राहिले. तर तू तोंड फिरवून शाळेत जायचीस."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एवढे दिवस ती माझ्या घरात होती, माझ्यासाठी, आणि मी तिला मीठ कुठंय म्हणून विचारत होते.

"मग आता रहा," मी म्हणाले.

"आता काय निमित्त सांगू?"

अंगणात दादानं हॉर्न दिला. आईनं माझ्या गालाला हात लावला आणि बाहेर गेली.

मी आतल्या खोलीत गेले. वहिनीच्या कॉटवर, तिच्याच उशीवर आडवी झाले, कंबर धरली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशी हाक मारली. "आत्या, माझी कंबर धरलीय. उठता येईना."

सासूबाई आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी डोळे मिटून कण्हले, आणि कण्हताना खरंच रडू यायला लागलं, त्यामुळं ते चांगलं वठलं असावं. त्या दारातून ओरडल्या, "अवो विहीणबाई, तुमी कुठं निघालाय? हिची कंबर भरलीय. एवढे दिवस वहिनीचं करून करून झालं आसंल. थांबा चार दिवस, तुमच्या हाताला गुण हाय."

खिडकीतून मला अंगण दिसत होतं. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीमागं गेली, डिकी उघडायला लावली आणि आपल्या दोन्ही पिशव्या स्वतःच काढल्या. मग वाकून उशीही काढली.

वहिनीनं काच खाली केली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "मम्मी," ती म्हणाली, "मग माझी मालिश कोण करणार?"

आई उशी छातीशी धरून दोघींच्या मधोमध उभी राहिली. वहिनीचं ते तोंड बघून मला इतकं बरं वाटलं, की कंबर धरायचंही विसरले. मी कॉटवरूनच ओरडले, "वहिनी, दादाला शिकवा."