दुर्गाबाईंची कोपऱ्यावरची जागा

रंभाचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: डांगे चौकाजवळच्या मासळीबाजारातली सासूची कोपऱ्यावरची जागा. दुर्गाबाईंचे गुडघे गेले होते, आता त्या घरीच बसणार होत्या. मग त्या जागेवर बसणार कोण? थोरली सून रंभा, की धाकटी तनुजा?

चाकणपलीकडच्या धरणात रंभाचा नवरा आणि दीर जाळी टाकायचे. सकाळी टेम्पो आला की दोघी जावा एकाच ढिगातले मासे निम्मे निम्मे उचलून रांगेत बसायच्या. रंभा सासूला लागून, तनुजा पार शेवटी, नळाजवळच्या चिखलात. पण मेलं गिऱ्हाईक चिखल तुडवत तिकडंच जायचं! रंभाच्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. तनुजाचा बाप चिखलीच्या वर्कशॉपात कामाला; हिनं माहेरी मासा पाहिला तो ताटातच. लग्नानंतर पहिल्यांदा हातात मरळ दिली, तर बया ती टाकून लांब पळाली होती. तिला विळीवर बसायला शिकवलं कुणी? रंभानंच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

आणि आता हिचे नखरे बघा. घरात लेकरू आहे का विचारायचं, त्याच्यासाठी कमी काट्याचे तुकडे वेगळे बांधायचे, मरळ राखेनं घासून लख्ख करायची. रंभाला हे थेर जमत नव्हते. मासा कापला, पिशवीत टाकला, झालं. आपण कोपऱ्यावर बसलो की येणारा प्रत्येकजण आधी आपल्यासमोरूनच जाणार, मग बघू या बयेचा तोरा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"आत्याबाई, थोरली मी हाय. मान माझा," तिनं एकदाचं बोलून टाकलं.

दुर्गाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "तुला जागाच पायजे न्हवं? घे."

तनुजा एका शब्दानं आडवी आली नाही. रंभाला तेही खुपलं.

रविवारी ती ऐटीत कोपऱ्यावर बसली. लोक आले, बघून पुढं गेले. तेवढ्यात वर्षाली दिसली. हिंजवडीला नोकरी करणारी, दर रविवारी तनुजाकडून मासे नेणारी. दुसरीचं गिऱ्हाईक हाकारायचं नाही, हा रांगेचा कायदा. रंभानं तो बिनदिक्कत मोडला.

"ताई, हितंच घ्या की. ताजी मरळ हाय."

रांगेतल्या बायकांनी माना वळवून पाहिलं. वर्षाली ओशाळून थांबली, एक मरळ निवडली, तोलून घेतली. रंभानं रांगेच्या शेवटी, तनुजाकडं एक नजर टाकली आणि विळी पुढं ओढली.

"मावशी, कापू नका," वर्षाली हळूच म्हणाली. "तनुजाकडून कापून घेते."

तनुजानं मरळ घेतली, रोजच्यासारखीच घासली, कापली, बांधून दिली. रंभा टपून बसली होती. एकदा तरी हिनं इकडं बघून हसावं, हिणवावं, म्हणजे सगळ्यांदेखत हिचा उद्धार करता येईल. तनुजा हात धुऊन उठली. मागं दोन गिऱ्हाइकं घेऊन ती थेट कोपऱ्यावर आली.

"अक्का, माझ्याकडची मरळ संपली. यांना तुमच्यातली द्या. कापून मी देते."

भांडायला काही जागाच ठेवली नाही तिनं. रंभानं मान खाली घातली, ताजवा उचलला आणि सासूच्या जागेवर बसून ती तनुजाच्या गिऱ्हाइकांना मासे तोलून देऊ लागली.